एका पोटरीची गावभर वरात

पळणाऱ्या माणसाकडं सांगण्यासारखं फारसं काही नसतं बघा. उठलं, बूट घातले, पळालं, घामेघूम होऊन घरी आलं. संपलं! पण तेच माणूस एकदा का लंगडायला लागलं, की किस्से त्याचा पत्ता विचारत घरी येतात. माझी उजवी पोटरी जवळजवळ वर्षभर दुखत होती. त्या वर्षात मी पळाले कमी आणि हसले जास्त. मधे एकदा रडलेसुद्धा. पण परवा अण्णांच्या मेडिकलसमोर चहा पिताना हे सगळं एकामागून एक निघालं आणि आमचा चहा तीनदा गार झाला!

आमचा कंपू तसा लहानच. कमलनगरला पहाटे उदगीर रोडनं पळणारे आम्ही तिघं. मी सविता, हायस्कूलला गणित शिकवते. दुसरे बसवराजअण्णा, मेडिकलवाले. चेहऱ्यावरची रेष हलू न देता असं काही बोलतात की समोरचा पाणी पीत असेल तर नाकातून येतं. आणि तिसरे सलीमभाई, स्टँडजवळ त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. पळण्यात कायम शेवटी. पण शर्यतीचे टी-शर्ट सगळ्यात जास्त त्यांच्याकडंच!

*

सुरुवात झाली ती एका दगडापासून. म्हणजे मला तसं वाटलं.

बिदरची दहा किलोमीटरची शर्यत तोंडावर आली होती. माझी पहिलीच. तयारी जोरात होती, त्या दिवशी पाय तर असे हलके पडत होते की अण्णा म्हणाले, "अक्का, सावकाश. बिदर कुठं पळून जायलं न्हाई." मी ऐकते कशाला! चढ आला, मी जोर लावला, आणि पोटरीवर मागून फाडकन दगड बसला.

मी कळवळून खाली बसले. मागं वळून पाहिलं तर रस्त्यावर एकटे सलीमभाई. माझं डोकंच फिरलं. "सलीमभाई! दगड कामून मारलाव?"

सलीमभाई लांबून धापा टाकत आले. रस्त्यावर दगड शोधला, माझ्या पोटरीकडं बघितलं, स्वतःच्या दोन्ही रिकाम्या हातांकडं बघितलं. मग एकदम दुखावल्या आवाजात म्हणाले,

"बाजी, पत्थर मारने कू पैले नज़दीक आना पड़ता ना! मैं आज तलक कब आया?"

दगड नव्हताच. पोटरीचा स्नायू आतून फाटला होता. तो फाटतो तेव्हा मागून कुणीतरी मारल्यासारखंच वाटतं म्हणे. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तोवर सलीमभाई निम्म्या गावाला सांगून मोकळे झाले होते, की मी आता टीचरच्या मागं पळणार नाही, पोलीस केस होते!

*

मग तेलं सुरू झाली.

मोहरीचं आलं, करडईचं आलं. कुणी लसूण जाळून आणलं, कुणी एरंडाचं. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, सगळ्यांना मान द्यायच्या. कुणी नाराज व्हायला नको! सकाळी एकाचं, दुपारी दुसऱ्याचं, दिवेलागणीला तिसऱ्याचं. माझा पाय इतका चकाकायला लागला की शेजारचं मांजर उंबऱ्यात येऊन बसायचं आणि माझ्या पोटरीकडं बघत जिभल्या चाटायचं.

एक दिवस अण्णा बघायला आले. येताना मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणली होती. पाय बघितला. खाली मांडलेल्या बाटल्या बघितल्या. आत्याबाई वाटीत तेल गरम करत होत्या, तेही बघितलं. ट्यूब गुपचूप परत खिशात घातली.

आत्याबाई म्हणाल्या, "का हो अण्णा? औषध देत न्हाईत का?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "आता कशाला अम्मा? तेल झालंय, गरम बी झालंय. पीठ तेवढं कालवा, भजीच काढू!"

*

शेवटी बिदरला फिजिओथेरपीच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, धारवाडकडची. कन्नड फर्डं, मराठी नुकतंच शिकायला लागलेली. सोबत आत्याबाई. त्यांचं माहेर उदगीरकडचं. लग्न होऊन कर्नाटकात येऊन एवढी वर्षं झाली, पण बाजारहाट, भांडणं, लग्नकार्यं सगळी मराठीत नाहीतर हिंदीत उरकतात. कन्नड म्हटलं की मान हलवायची आणि हसायचं, एवढंच.

आता कन्नडमधे कालु म्हणजे पाय आणि नोवु म्हणजे दुखणं. मी बाहेर केसपेपर करत होते तेवढ्यात आत्याबाई आत जाऊन खुर्चीवर बसल्या. डॉक्टरला वाटलं, हाच पेशंट! तिनं प्रेमानं विचारलं,

"अम्मा, कालु नोवु?"

आत्याबाई म्हणाल्या, "काल न्हवं माय, मागच्या हप्त्यात!"

डॉक्टरनं पुन्हा स्वतःच्या पायावर हात ठेवून सावकाश विचारलं, "कालु... नोवु?"

आत्याबाईंना वाटलं, पोरगी विश्वास ठेवत नाही. आवाज चढला. "आगं काल न्हवं म्हणायलेय की! काल तर ती घरीच हुती!"

मी आत गेले तेव्हा दोघी एकमेकींना तेच दोन शब्द मोठ्यानं सांगत होत्या आणि दोघींचंही बरोबर होतं!

हसून हसून डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तपासताना मात्र ती गंभीर झाली. शर्यत विसरा म्हणाली. "ओडब्याड्री," पळायचं नाही, असं तिनं तीनदा सांगितलं. चालणं आणि व्यायाम, बाकी काही नाही. येताना बसमधे मी खिडकीकडं तोंड करून बसले. आत्याबाईंनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. भालकी आलं तरी तो हात तिथंच होता.

*

शर्यत झाली. अण्णा आणि सलीमभाई पळून आले. मी घरी बसून त्यांचे फोटो बघितले.

पण पोटरी सुधारत होती. मी चालत होते, जिने चढत होते. डॉक्टर म्हणाली होती की पुढच्या महिन्यात हळूहळू पळायला सुरू करू. मी खूश! आणि तेवढ्यात आमच्या चंद्रीनं दावं तोडलं.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. स्वभावानं गरीब, पण शेजारच्या हरभऱ्यावर तिचा फार जीव. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आत्याबाई गोठ्यातून ओरडल्या, "सविता, धर तिला! धर!"

काय सांगू! हातातली चादर टाकली आणि मी सुटलेच. दोन ढांगांत म्हैस गाठली, दावं धरलं, आणि त्याच क्षणी पोटरीत तीच कळ. तशीच, त्याच जागी. चंद्री हरभरा खात उभी राहिली आणि मी तिच्या गळ्यात हात टाकून ढसाढसा रडले. महिनोन् महिने जपलेलं सगळं एका सेकंदात गेलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, संपलं. आता आपण काही परत पळत नाही. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्याच, "झालं बाई तुझं पळणं. आता बस निवांत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर गेले. तिनं पाय हातात घेतला आणि लगेच ओळखलं. "मॅडम, मी ओडब्याड्री सांगितलं होतं!"

मी मान खाली घातली. पण आत्याबाई सोबत होत्या ना! एव्हाना त्यांनी तेवढा एक कन्नड शब्द पक्का केला होता. त्या पुढं सरसावल्या.

"हिला सांगितलाव, बरोबर हाय. पर म्हशीला कुणी ओडब्याड्री म्हणलं व्हतं का?"

*

दुसऱ्यांदा स्नायू फाटला की सगळं पहिल्यापासून. डॉक्टरनं या वेळी टाचांचा व्यायाम दिला. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहायचं, टाच खाली सोडायची, मग वर उचलायची. दिवसातून जमेल तितक्या वेळा. दिसायला सोपा, पण पोटरीतून धूर निघतो!

आमच्या गल्लीतल्या विहाराच्या पायऱ्या त्याला एकदम बरोबर उंचीच्या. रोज सकाळी मी तिथं जाऊन उभी राहायचे. वर, खाली. वर, खाली. वंदनेला येणारे एक आजोबा बरेच दिवस हे बघत होते. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी कुणाची वाट बघतेय. मग वाटलं आत यायला लाजतेय. एक दिवस त्यांना राहवलं नाही. काठी टेकवत आले आणि म्हणाले,

"बाई, आत यायलीस का घरला जायलीस? एक कायतरी ठरीव!"

शाळेतही तेच. फळ्यावर गणित लिहिता लिहिता माझ्या टाचा वर-खाली चालू असायच्या. मला वाटायचं, पोरांचं लक्ष समीकरणाकडं आहे. कसलं काय! एक दिवस हेडमास्तर व्हरांड्यातून चालले होते. त्यांना खिडकीतून काय दिसलं? अख्खा नववीचा वर्ग उभा, आणि सगळी डोकी एकदम वर जातायत, एकदम खाली येतायत. मी फळ्याकडं तोंड करून लिहितेय. मला पत्ताच नाही!

हेडमास्तर दारात आले. "मॅडम, हे काय चालू आहे?"

मी दचकून वळले. मी काही बोलायच्या आत पहिल्या बाकावरची पोरगी शिस्तीत म्हणाली,

"सर, उजवा पाय झाला. डावा चालू हाय!"

हेडमास्तरांनी एकदा वर्गाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात हजेरीची सही करायला गेले, तर टेबलामागं उभे राहून साहेब स्वतः वर-खाली करायलेले!

*

डॉक्टर म्हणाली, पाण्यात पळा. पाण्यात वजन पडत नाही, स्नायूला त्रास नाही, दम मात्र टिकतो. आता कमलनगरला स्विमिंग पूल कुठून आणू? पण माझी धाकटी बहीण वंदना मंठाळला दिली आहे. तिच्या शेतात पायऱ्यांची मोठी विहीर आहे, आणि त्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाल्यानं विहीर काठोकाठ भरली होती.

सलीमभाईंनी दुकानातून ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून दिली. ती बसच्या टपावर बांधताना कंडक्टरनं विचारलं, "गाडी पंक्चर झाली का?" सलीमभाई म्हणाले, "नै जी, टीचर पंक्चर हुई!"

तर मी विहिरीत. ट्रॅकपँट, टी-शर्ट, कमरेला ट्यूब, ट्यूबला दोर, दोराचं टोक वर वंदनाच्या हातात. मी पाण्यात उभ्यानं पाय मारतेय, जोरजोरात, जशी काय शर्यतच चालू आहे. आहे तिथंच! पण काय मजा येत होती म्हणून सांगू! किती महिन्यांनी छाती भरून दम लागत होता. मी एकटीच हसत होते.

वंदना दोर झाडाला बांधून घटकाभर चहा आणायला गेली. तेवढ्यात वाटेनं एक म्हातारी चालली होती, डोक्यावर गवताचा भारा. तिला पाण्याचा धपाधप आवाज आला. तिनं भारा टाकला, काठावर येऊन वाकून बघितलं आणि बोंबच ठोकली.

"आगं बया! बाई पडली! कोणीतरी या रं, बाई पडली!"

मी खालून ओरडले, "पडले न्हाई आज्जी! पळायलेय!"

"काय?"

"पळायलेय! पळायलेय!"

म्हातारी आणखी खाली वाकली. माझे पाय बघितले, ट्यूब बघितली. मग आवाज एकदम मऊ करून, वेड्या लेकराला समजावतात तशी म्हणाली,

"बरं बरं. पर लेकी, कवापासनं पळायलीस? अजून काठाला बी पोचली न्हाईस की गं!"

*

आणि मग आली पुढच्या वर्षीची बिदरची शर्यत.

डॉक्टरनं परवानगी दिली, पण अटीवर. थोडं पळायचं, मग थोडं चालायचं, मग पुन्हा पळायचं. कुणाशी स्पर्धा नाही. पोटरीनं जरा जरी तक्रार केली तर तिथंच थांबायचं. मी शब्द दिला. अण्णा आणि सलीमभाई म्हणाले, आम्ही बरोबर राहतो. मी म्हटलं, मुळीच नाही, तुम्ही तुमचं पळा. शिट्टी झाली आणि सगळे भुर्रकन गेले.

थोड्या वेळात माझ्या पुढं कुणी दिसेना. मागं वळून बघितलं तर मागंही कुणी नाही. फक्त एक अँब्युलन्स. शेवटच्या माणसाच्या मागं चालायचं, हा तिचा नियम. म्हणजे शेवटचं माणूस मीच!

ड्रायव्हर चिटगुप्प्याचे, नाव शरणप्पा. भरदार मिशा आणि मन फार मोठं. मी पहिल्यांदा चालायला लागले तशी त्यांनी गाडी शेजारी आणली, दार उघडलं. "बरी अक्का, कूड्री." या, बसा. मी मान हलवली आणि पळायला लागले. दार बंद. परत चालायला लागले. दार उघडलं. "बरी अक्का." परत पळाले. दार बंद. रस्त्याकडेचे लोक बघायला लागले. एकानं तर विचारलं, "शरणप्पा, त्या तुमच्यापासून पळायल्यात का?"

मग शरणप्पांनी नादच सोडला आणि खिडकीतून गप्पा सुरू केल्या. पाय कसा दुखला, किती दिवस, शाळा कुठली. मी धापा टाकत उत्तरं देत होते. "अक्का," ते म्हणाले, "मी सकाळधरनं मोकळा हाय. एक बी पेशंट न्हाई. तुमी तरी बसला असताव तर बरं झालं असतं." पण हसत होते.

शेवटचा चढ आला. पायात तीच भीती. पोटरी चढावरच गेली होती ना पहिल्यांदा! मी लहान लहान पावलं टाकत निघाले. पोटरी बोलली नाही. अजून थोडं. तरीही बोलली नाही. आणि मग मागून खुर्र, खुर्र, फट्ट असा आवाज आला. वळून बघते तर अँब्युलन्स बंद! बॉनेटमधून वाफ निघतेय आणि शरणप्पा खाली उतरून डोक्याला हात लावून उभे.

मी थांबले. ते जीव तोडून ओरडले, "थांबू नका अक्का! तुमी व्हा पुढं! मी येतो मागनं!"

मग मी जी पळाले! चढ संपला, किल्ल्याची भिंत दिसली, समोर कमान, कमानीखाली अण्णा आणि सलीमभाई गळ्यात मेडल घालून उड्या मारतायत, आत्याबाई पदर कमरेला खोचून हात हलवतायत, आणि शर्यतीच्या मदतीला आलेली आमची डॉक्टर औषधाचं टेबल सोडून रस्त्याच्या मधे येऊन टाळ्या वाजवतेय. मी कमान ओलांडली. उभी राहिले. उजव्या पायावर जोर दिला. काही नाही! पुन्हा दिला. काही नाही! मी आत्याबाईंना मिठी मारली आणि आम्ही दोघी तिथंच गोल गोल फिरलो.

कमानीपाशी एक पोरगी मेडल घालायला उभी होती. माझ्या गळ्यात घालून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मागं अजून कुणी हाय का?"

"हाय एक," मी म्हटलं. "पर त्याला जरा वेळ लागंल. चढावर बंद पडलाय."

ते ऐकून अण्णा आणि सलीमभाई चढाकडं पळाले. त्यांच्यामागं आणखी दहा-पंधरा पळणारे गेले, सगळ्यांच्या गळ्यात मेडलं. त्यांनी अँब्युलन्सला खांदे लावले. "हय्या! हय्या!" करत गाडी चढावर आली, तिथून उतारावर सुटली आणि माणसं दोन्ही बाजूंनी शिट्ट्या मारायला लागली.

माइकवाल्या माणसाची त्या वेळी कमानीकडं पाठ होती. तो टेबलावर वाकून निकालाचे कागद लावत होता. शिट्ट्या ऐकून त्याला चेव आला. न वळताच त्यानं माइक तोंडाला लावला.

"आले! आले! टाळ्या पाहिजेत! बघा, याला म्हणतात जिद्द! आपले शेवटचे स्पर्धक आता कमानीत प्रवेश करताहेत!"

अँब्युलन्स हळूच कमानीखालून आत आली. मेडलवाली पोरगी हातात मेडल उंच धरून गाडीच्या पुढं गेली, बाजूला गेली, गळा काही सापडेना. शेवटी तिनं ते आरशाला अडकवलं.

माइकवाल्यानं पेन उघडलं. मान अजून कागदातच.

"शाब्बास! पटकन नंबर सांगा, नंबर!"

शरणप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मिशीवरून हात फिरवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं,

"केए अडतीस..."